मुलींच्या फुटबॉल मॅचमध्ये कोच नेमकं करतो काय? ओरडणं हे त्यातलं सगळ्यात छोटं काम आहे

३० ऑक्टोबर २०२२. नवी मुंबईचं डी. वाय. पाटील स्टेडियम. १७ वर्षांखालील मुलींच्या फुटबॉल वर्ल्डकपची फायनल, स्पेन विरुद्ध कोलंबिया. ८१ मिनिटं झाली तरी स्कोअर ०-०. आणि ८२व्या मिनिटाला कोलंबियाच्या एका डिफेंडरकडून बॉल स्वतःच्याच गोलमध्ये गेला. स्पेन १-० ने जिंकलं, वर्ल्डकप घेऊन गेलं.

टीव्हीवर अशा वेळी कॅमेरा जिंकणाऱ्या टीमकडे वळतो. पण त्या डिफेंडरचा विचार करा. वय १७ च्या आसपास, समोर हजारो प्रेक्षक, आणि सगळ्या जगाने बघितलेला ओन गोल. तिच्या कोचने पुढच्या पाच मिनिटांत तिला काय सांगायचं?

हा प्रश्न फक्त वर्ल्डकपपुरता नाही. आपल्या तालुक्याच्या मैदानावर, चुन्याच्या फक्कीने आखलेल्या रेषांमध्ये, पीटीच्या सरांना किंवा मॅडमना अगदी हाच प्रश्न दर सीझनला पडतो. फरक इतकाच की तिथे कॅमेरा नसतो आणि मुलगी १३ वर्षांची असते.

'झुंड' बघून, 'चक दे' बघून आपल्याला वाटतं की कोचचं काम म्हणजे हाफ टाईमला एक जबरदस्त भाषण. प्रत्यक्षात भाषणाला वेळच नसतो. मुलींच्या टीमला एक मॅच खेळवताना कोचला काय काय बघावं लागतं, त्यातलं मॅच जिंकायला किती उपयोगी पडतं आणि मुलगी पुढच्या सोमवारी पुन्हा मैदानावर यावी यासाठी किती, तेच आज समजून घेऊ.

एक मॅच हरलात की वर्ष संपलं

आधी स्पर्धेचं गणित बघू, कारण कोचच्या बहुतेक अडचणी तिथूनच सुरू होतात.

शालेय फुटबॉल स्पर्धा आपल्याकडे तालुका किंवा महानगरपालिका, मग जिल्हा, मग विभाग, मग राज्य अशा पायऱ्यांनी वर सरकते. १४, १७ आणि १९ वर्षांखालील असे गट असतात. मैदानं कमी, दिवस कमी, त्यामुळे बहुतेक ठिकाणी नॉकआउट पद्धत. म्हणजे हरलात की बाहेर.

आता हिशोब करा. १६ टीम असतील तर नॉकआउटमध्ये एकूण १५ मॅच होतात. पहिल्याच फेरीत ८ टीम घरी जातात. म्हणजे वर्षभर सकाळी सहाला उठून प्रॅक्टिस केलेल्या निम्म्या मुलींचा सीझन एका मॅचमध्ये संपतो. त्यातही १६ जणींची टीम असेल आणि कोचने शेवटपर्यंत त्याच ११ जणींना खेळवलं, तर उरलेल्या पाच जणींच्या वाट्याला त्या वर्षीचा फुटबॉल किती आला? शून्य मिनिटं.

दुसरीकडे जिंकण्याची किंमतही मोठी आहे. वरच्या पातळीवर गेलं की प्रमाणपत्र मिळतं, दहावी-बारावीला क्रीडा गुणांचा विषय येतो, आणि महाराष्ट्रात सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. 'पोरगी खेळून काय करणार?' असं विचारणाऱ्या घरात हेच कागद उपयोगी पडतात. त्यामुळे 'निकाल महत्त्वाचा नाही, मजा करा' असं म्हणणं सोपं आहे, पण खरं नाही. निकाल महत्त्वाचा आहे. आणि बेंचवरची मुलगीही महत्त्वाची आहे. कोच या दोघांच्या मध्ये अडकलेला असतो.

पुढचं समजायला सोपं जावं म्हणून एक मॅच डोळ्यासमोर धरू. समजा, १४ वर्षांखालील मुलींची जिल्हास्तरीय क्वार्टर फायनल आहे. २५-२५ मिनिटांचे दोन हाफ. टीममध्ये १६ मुली. दुपारी दोनची वेळ.

सगळ्यात आधी टॉयलेट शोधायचं

हो, हेच पहिलं काम. चेष्टा नाही.

मैदानावर पोहोचल्यावर मुलांच्या टीमचा कोच पिच बघतो, खड्डे बघतो. मुलींच्या टीमच्या कोचने त्याआधी बघायचं ते स्वच्छतागृह. आहे का, उघडं आहे का, आत पाणी आहे का, दाराला कडी आहे का, किल्ली कोणाकडे आहे.

कारण साधं आहे. टॉयलेटची सोय नाही असं दिसलं की मुली पाणी प्यायचं बंद करतात. कोणाला सांगत नाहीत, फक्त पीत नाहीत. घरून निघतानाच ठरवून निघतात. मग दुपारच्या उन्हात दुसऱ्या हाफमध्ये पाय गोळे यायला लागतात, डोकं दुखायला लागतं, आणि सर बाजूने ओरडत असतात, 'पळा गं, स्टॅमिना कुठे गेला?' स्टॅमिना कुठेही गेलेला नसतो. पाणी पोटात गेलेलं नसतं. किल्लीवाल्या शिपाईकाकांचा नंबर आधी घेऊन ठेवला तर 'पाणी प्या' या सूचनेला काही अर्थ उरतो.

पाळीचंही तसंच. किटच्या बॅगेत बॉल, बिब, स्प्रे याच्या बरोबर सॅनिटरी पॅडचं एक पाकीट कायम असावं आणि ते कुठे आहे हे सगळ्या मुलींना माहीत असावं, म्हणजे मागायची वेळ येत नाही. शॉर्ट्सचा रंग हा यातलाच विषय. इंग्लंडच्या महिला टीमने २०२३ मध्ये पांढऱ्या शॉर्ट्स सोडून निळ्या घेतल्या, त्यामागे खेळाडूंनी बोलून दाखवलेली पाळीच्या दिवसांतली काळजी होती. जगातल्या सर्वात तगड्या टीमपैकी एका टीमला हे बोलावं लागलं, तर आपल्या सातवीतल्या मुलीने सरांना कसं सांगायचं? त्यापेक्षा किट शिवायला टाकतानाच गडद रंग निवडलेला बरा.

अजून एक गोष्ट अनेक कोचना ऐन वेळी अडचणीत आणते. नियमांनुसार मैदानात कुठलाही दागिना चालत नाही. कानातलं, नाकातली चमकी, बांगडी, कडं, सगळं काढायचं. वरून टेप लावून झाकलेलंही चालत नाही. चमकी नुकतीच टोचलेली असेल तर ती निघत नाही, मुलगी रडकुंडीला येते आणि पंच आत सोडत नाहीत. हे आठवडाभर आधी सांगायला हवं, मैदानावर नव्हे.

शॉर्ट्सखाली लेगिंग्ज घालायला परवानगी आहे, पण रंग शॉर्ट्सशी जुळणारा हवा आणि घालणाऱ्या सगळ्या जणींचा सारखा हवा. स्कार्फ किंवा हिजाबलाही २०१४ पासून नियमांत अधिकृत जागा आहे. तो काळा किंवा जर्सीच्या मुख्य रंगाचा असावा, इतरांसाठी धोकादायक नसावा आणि जर्सीला शिवलेला नसावा. 'असे कपडे घालून आमची मुलगी खेळणार नाही' म्हणणाऱ्या पालकांशी बोलताना कोचला हे नियम पाठ असतील तर अर्धा वाद तिथेच मिटतो.

गुडघ्याची गोष्ट

इथे थोडं थांबू, कारण मुलींच्या फुटबॉलमधला हा सगळ्यात गंभीर विषय आहे आणि आपल्याकडे सगळ्यात कमी बोलला जातो.

गुडघ्याच्या आत एसीएल नावाचा एक लिगामेंट असतो. मांडीचं हाड आणि नडगीचं हाड एकमेकांवरून सरकू नये म्हणून तो धरून ठेवतो. तो फाटला की बहुतेकदा ऑपरेशन, आणि परत खेळायला नऊ महिने ते वर्ष. आणि ही दुखापत मुलींमध्ये मुलांच्या कितीतरी पट जास्त होते, हे वेगवेगळ्या देशांतल्या अभ्यासांतून पुन्हा पुन्हा समोर आलं आहे. २०२३ च्या महिला वर्ल्डकपला इंग्लंडची कॅप्टन लिआ विल्यमसन आणि स्ट्रायकर बेथ मीड दोघीही याच कारणाने खेळू शकल्या नाहीत.

गंमत म्हणजे बऱ्याचदा ही दुखापत कोणी पाडल्यामुळे होत नाही. मुलगी एकटीच असते. पळता पळता अचानक दिशा बदलते किंवा उडी मारून एका पायावर उतरते, आणि त्या क्षणी गुडघा आतल्या बाजूला वाकतो. वयात येताना उंची झपाट्याने वाढते, वजन वाढतं, पण मांडीच्या आणि कंबरेच्या स्नायूंची ताकद त्या वेगाने वाढत नाही. त्यामुळे नेमकं १३ ते १७ हे वय धोक्याचं.

चांगली बातमी अशी की यावर उपाय आहे आणि तो फुकट आहे. फिफाने '११ प्लस' नावाचा वॉर्म-अप तयार केला आहे. साधारण २० मिनिटांचा, १५ व्यायामांचा. आधी हळू पळण्याचे प्रकार, मधे ताकद आणि तोल सांभाळण्याचे व्यायाम, शेवटी वेगाने पळणं आणि वळणं. एका पायावर उभं राहणं, स्क्वॅट, उडी मारून अलगद उतरणं, असं सगळं. मशीन लागत नाही, जिम लागत नाही.

नॉर्वेमध्ये १३ ते १७ वयाच्या मुलींवर याची मोठी चाचणी झाली. १२५ क्लब, १,८९२ मुली. २००८ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये निकाल छापून आला. हा वॉर्म-अप करणाऱ्या टीममध्ये गंभीर दुखापतींचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं होतं.

एक छोटी पण कामाची सूचना. मॅचच्या दिवशी मधला ताकदीचा भाग वगळतात, फक्त पहिला आणि तिसरा भाग करतात. मधला भाग प्रॅक्टिसच्या दिवसांचा. म्हणजे ज्या टीमने वर्षभर तो केलाच नाही, तिला मॅचच्या सकाळी तो करून काही मिळणार नाही. आपल्याकडे अजूनही अनेक मैदानांवर वॉर्म-अप म्हणजे दोन राऊंड आणि दहा उठाबशा. हे बदलायला निधी लागत नाही, म्हणून याचं जास्त वाईट वाटतं.

चौदा नंबरला कधी उतरवायचं?

आता मॅच. आपल्या डोळ्यासमोरच्या टीममध्ये एक आहे सात नंबर. विंगवरून सुसाट पळते, गोल करते, तिच्या जोरावर टीम इथवर आली आहे. आणि एक आहे चौदा नंबर. यंदाच आली, बॉल पायात आला की घाबरते, पण प्रॅक्टिस एक दिवस चुकवलेली नाही.

१-० ने आघाडी आहे. शेवटची आठ मिनिटं उरली आहेत. कोच बेंचकडे बघतो. चौदा नंबर त्याच्याकडे बघते.

या क्षणी तिला उतरवलं आणि तिच्या चुकीने गोल झाला, तर टीम बाहेर जाईल आणि खापर तिच्यावर फुटेल. नाही उतरवलं तर वर्षभराचा निरोप तिला मिळतो की तू मोजणीत नाहीस. दोन्ही वाईट. बहुतेक कोच दुसरा पर्याय निवडतात आणि मॅच संपल्यावर पाठीवर थाप मारतात, 'पुढच्या वर्षी बघू.' पुढच्या वर्षी ती आलेली नसते.

माझ्या मते चूक आठ मिनिटं उरली तेव्हाच्या निर्णयात नाही, ती शिट्टीच्या आधीच झालेली असते. कोणाला किती वेळ खेळवायचं हे स्कोअर बघून ठरवायचं म्हटलं की चौदा नंबरची पाळी कधीच येत नाही. हरत असताना तिला उतरवणं धोक्याचं वाटतं, निसटत्या आघाडीवर असताना तर जास्तच.

म्हणून अनेक चांगले कोच कागदावर मिनिटं आधीच वाटतात. आपल्या १६ जणींचं गणित करून बघा. ५० मिनिटांची मॅच. गोलकीपर आणि पाच पक्क्या खेळाडू पूर्ण वेळ, त्यात सात नंबर आली. मैदानात उरल्या पाच जागा, आणि बाहेर मुली दहा. प्रत्येक जागा दोघींमध्ये अर्धी अर्धी. दहाही जणींना २५-२५ मिनिटं. टीमचा कणा कुठेही हलला नाही आणि एकही मुलगी कोरडी जर्सी घेऊन घरी गेली नाही.

यात दोन गोष्टी बघाव्या लागतात. पहिली म्हणजे त्या स्पर्धेत किती बदल चालतात. लहान वयाच्या स्पर्धांमध्ये बाहेर गेलेल्या खेळाडूला परत आत घेण्याची सूट देता येते, पण ती सगळीकडे दिलेली नसते. पाचच बदल असतील तर चार वापरून पाचवा दुखापतीसाठी राखून ठेवणं शहाणपणाचं. मग एका जागेचा हिशोब पुढच्या मॅचवर ढकलावा लागतो. दुसरी गोष्ट म्हणजे कोणत्या जागेवर. नव्या मुलीला सेंटर बॅकला उभं करणं म्हणजे तिचाच घात. तिला पहिल्या हाफमध्ये, विंगवर, अनुभवी मुलीच्या शेजारी ठेवलं तर तिच्या चुकीला भरून काढायला वेळही असतो आणि माणूसही.

आणि हे मुलींना आदल्या दिवशीच सांगून टाकायचं. 'तू पहिल्या हाफला आहेस, तू दुसऱ्या.' बेंचवर बसलेल्या मुलीला आपली पाळी कधी आहे हे माहीत असलं की ती मॅच बघते. माहीत नसलं की ती फक्त कोचचा चेहरा बघत बसते.

यामुळे एखादी मॅच हातातून जाईल का? जाऊ शकते. ते नाकारण्यात अर्थ नाही. पण दमलेली सात नंबर आणि ताज्या पायांची चौदा नंबर यात ४०व्या मिनिटाला कोण जास्त कामाची, याचं उत्तर दरवेळी सात असं नसतं.

'मार! काढ! पुढे दे!'

कुठल्याही शालेय मॅचला जाऊन डोळे मिटून उभे राहा. एकाच वेळी सात-आठ माणसं ओरडत असतात. कोच, दुसरे सर, पालक, मागच्या बॅचच्या मुली. एक म्हणतो मार, दुसरा म्हणतो थांब.

बॉल पायात असलेल्या मुलीला दोन सेकंदांत ठरवायचं असतं. तिने मान वर करून मैदान बघायला हवं, तर ती सरांकडे बघते. आणि सरांचं वाक्य पूर्ण होईपर्यंत बॉल गेलेला असतो. मग पुढच्या वेळी ती विचारच करत नाही, नुसता बॉल लांब मारते, म्हणजे कोणी रागावायला नको.

म्हणून एक साधा नियम अनेक कोच पाळतात. जिच्या पायात बॉल आहे तिच्याशी बोलायचं नाही. बोलायचं ते बॉलपासून लांब असलेल्या मुलींशी. 'डिफेन्स, वर या.' 'नऊ, तुझ्या मागे बघ.' तेही शक्यतो बॉल बाहेर गेल्यावर, आणि प्रॅक्टिसमध्ये ठरलेल्या एक-दोन शब्दांत. बाकीचा वेळ गप्प बसून वहीत लिहायचं. त्या नोंदी हाफ टाईमला कामाला येतात.

गप्प बसण्याला आता नियमांचंही कारण आहे. २०१९ पासून पंच कोचलाही पिवळं आणि लाल कार्ड दाखवू शकतात. पंचांच्या अंगावर धावून जाणाऱ्या सरांना बाहेर काढलं, तर मुलींसोबत मैदानाच्या कडेला कोण उभं राहणार?

त्यावरून आठवलं. पुरुष कोच असेल तर सोबत एक महिला शिक्षिका किंवा मॅनेजर असायलाच हवी. हा सभ्यतेचा उपचार नाही. २०२२ मध्ये भारताच्या १७ वर्षांखालील मुलींच्या टीमच्या युरोप दौऱ्यातून असिस्टंट कोचला गैरवर्तनाच्या आरोपावरून परत बोलावलं गेलं आणि नंतर काढून टाकण्यात आलं. त्याच वर्षी भारतीय क्रीडा प्राधिकरणाने महिला खेळाडूंच्या टीमसोबत दौऱ्यावर महिला कोच असणं बंधनकारक केलं. मुलींना आपली अडचण बोलता येईल असं एक माणूस त्या मैदानावर हवं, एवढीच यातली किमान गोष्ट.

डोकं आपटलं तर चर्चा नाही

दुपारचं ऊन असेल तर कोचने मॅचच्या आधीच पंचांना पाण्याच्या ब्रेकबद्दल विचारावं. स्पर्धेच्या नियमांत परवानगी असेल तर एक मिनिटापर्यंतचा ड्रिंक्स ब्रेक आणि खूप उकाड्यात दीड ते तीन मिनिटांचा कूलिंग ब्रेक देता येतो. विचारलं नाही तर मिळत नाही.

एखादी मुलगी दहा मिनिटांतच धापा टाकत असेल तर ती आळशी आहे असा निष्कर्ष लगेच काढू नये. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते १९ वयाच्या भारतीय मुलींपैकी ५९ टक्के मुलींमध्ये रक्ताची कमतरता आढळली होती. म्हणजे ११ जणींच्या टीममध्ये सरासरी सहा. हिमोग्लोबिन कमी असेल तर कितीही राऊंड मारायला लावा, दम वाढणार नाही. डॉक्टरकडे न्यावं लागेल. सीझन सुरू होताना एक साधी रक्ततपासणी करून घेणारे कोच आहेत, आणि त्यांची टीम दुसऱ्या हाफमध्ये वेगळी दिसते.

डोक्याला मार लागला तर नियम एकच. आपटल्यानंतर चक्कर, मळमळ, डोकेदुखी, गोंधळल्यासारखं वागणं, स्कोअर न आठवणं, यापैकी काहीही दिसलं की मुलगी बाहेर. त्या दिवशी परत आत नाही, ती सात नंबर असली तरी नाही, फायनल असली तरी नाही. ती 'सर, मी बरी आहे' असंच म्हणणार. तिला खेळायचं असतं. म्हणूनच हा निर्णय तिच्यावर सोडायचा नसतो.

हाफ टाईमची दहा मिनिटं

नियमांनुसार हाफ टाईम जास्तीत जास्त १५ मिनिटांचा. शालेय स्पर्धेत बऱ्याचदा पाच ते दहा मिनिटांत उरकतात. त्यातली पहिली दोन-तीन पाणी पिण्यात आणि सावली शोधण्यात जातात. या काळात कोच जे बोलतो ते कोणाच्या कानात शिरत नाही. नाडी खाली येऊ द्यावी लागते.

मग आधी मुलींना बोलू द्यायचं. 'काय दिसतंय?' इतकंच विचारायचं. 'सर, त्यांची पाच नंबर दरवेळी उजव्या पायानेच मारते,' हे मैदानातल्या मुलीला बाहेरच्या कोचपेक्षा आधी कळतं. त्यानंतर कोचने दोन गोष्टी सांगायच्या. तीन नाही. दोन.

पण स्कोअर भयानक असेल तर? याचं उदाहरण आपल्याच टीमचं आहे. ११ ऑक्टोबर २०२२, भुवनेश्वरचं कलिंगा स्टेडियम, त्याच वर्ल्डकपची भारताची पहिली मॅच, समोर अमेरिका. हाफ टाईमला स्कोअर ०-५. घरचं मैदान, घरचे प्रेक्षक, आणि अजून ४५ मिनिटं बाकी. शेवटी ०-८ झालं. पुढे मोरोक्कोविरुद्ध ०-३ आणि ब्राझीलविरुद्ध ०-५. सोशल मीडियावर तेव्हा मुलींची जी थट्टा झाली ती करणाऱ्यांपैकी किती जणांनी दुसरा हाफ नीट बघितला होता कोण जाणे. ६२व्या मिनिटाला आठवा गोल झाल्यानंतर अमेरिकेला शेवटच्या अर्ध्या तासात एकही गोल करता आला नाही.

अशा वेळी 'आपण अजून जिंकू शकतो' हे वाक्य मुलींना खोटं वाटतं, कारण ते खोटंच असतं. मॅच मोठी झाली की ती लहान करावी लागते. 'पुढची दहा मिनिटं गोल खायचा नाही.' 'सलग चार पास.' 'एक कॉर्नर मिळवायचा.' मिळाला की बेंचने उठून टाळ्या वाजवायच्या. स्कोअरबोर्डला याने काही फरक पडत नाही, पण मान खाली घालून चालणाऱ्या मुली पळायला लागतात.

पेनल्टी: यादी खिशात हवी

लहान वयाच्या स्पर्धांमध्ये बरोबरी झाली की अनेकदा एक्स्ट्रा टाइम न देता थेट पेनल्टी घेतात. २०२२ च्या मुलींच्या वर्ल्डकपमध्येही तसंच होतं. नायजेरियाच्या मुलींनी त्या स्पर्धेत नॉकआउटच्या तीन मॅच खेळल्या आणि तिन्ही पेनल्टीवर गेल्या. क्वार्टर फायनलला अमेरिकेला हरवलं, गोव्यात फातोर्ड्याला सेमी फायनलमध्ये कोलंबियाकडून ५-६ ने हरल्या, आणि तिसऱ्या क्रमांकासाठी जर्मनीला हरवलं. तेव्हा 'पेनल्टी म्हणजे नशीब' असं म्हणून प्रॅक्टिस टाळणाऱ्या कोचने या टीमकडे बघावं.

मैदानावर नेहमी दिसणारं दृश्य असं असतं. शिट्टी वाजते, कोच घोळक्यात येऊन विचारतो, 'कोण मारणार?' आणि सगळ्या बुटांकडे बघायला लागतात. मग सरांचं बोट ज्या दिशेला जाईल ती मुलगी थरथरत जाते.

त्याऐवजी आठवडाभर आधी प्रत्येकीला एकेकटीला विचारायचं. 'मारशील का?' नाही म्हणायची पूर्ण मुभा. पाच जणींची यादी, आणि पुढच्या तिघींची. एक गोष्ट लक्षात ठेवायची की मॅच संपली तेव्हा मैदानात असलेल्या खेळाडूच पेनल्टी मारू शकतात, त्यामुळे यादीतली मुलगी शेवटच्या मिनिटाला बाहेर काढली तर यादी कोलमडते. आणि गोलकीपरला आठवण करून द्यायची की बॉल मारला जात असताना तिच्या एका पायाचा थोडा तरी भाग गोललाईनवर किंवा तिच्या मागे हवा. पुढे येऊन अडवलेला बॉल पंच पुन्हा मारायला लावू शकतात, आणि १३ वर्षांच्या गोलकीपरसाठी त्यासारखा वाईट अनुभव नाही.

मध्य रेषेपासून पेनल्टीच्या ठिपक्यापर्यंत मुलीला एकटीलाच चालत जावं लागतं. हे चालणंही प्रॅक्टिसमध्ये करून घ्यायचं असतं. बाकीच्या मुलींनी रेषेवर उभं राहून बघायचं, टोमणे मारायचे, हसायचं. मग मॅचच्या दिवशी ते अंतर पहिल्यांदा चाललेलं नसतं.

आणि चूक झालीच तर

आता पहिल्या प्रश्नाकडे येऊ. ओन गोल झाला, पेनल्टी चुकली, गोलकीपरच्या हातातून बॉल निसटला. कोचने काय करायचं?

पहिलं म्हणजे तिला लगेच बाहेर काढायचं नाही. चुकीनंतरच्या मिनिटाला केलेला बदल ही शिक्षाच असते, मग कोचच्या मनात काहीही असो. तिला अजून दोन-तीनदा बॉल मिळू द्यायचा. बरोबरच्या मुलींपैकी जी तिच्या सर्वात जवळची आहे, बऱ्याचदा कॅप्टन, तिला आधीच सांगून ठेवायचं की असं काही झालं तर तू आधी तिच्यापाशी जायचं.

मॅच संपल्यावर 'काही हरकत नाही' म्हणू नये. तिला माहीत असतं की हरकत आहे. 'त्या बॉलला तू पोहोचलीस म्हणून तुला लागला, बाकीच्या पोहोचल्याच नव्हत्या,' हे खरं असेल तर सांगावं. खरं नसेल तर नुसतं शेजारी बसावं, पाण्याची बाटली द्यावी. विश्लेषण त्या दिवशी करायचंच नाही, कोणाचंच नाही. ते सोमवारी, प्रॅक्टिसला. आणि पालकांनाही हेच सांगायचं की घरी जाताना गाडीवर मॅचचा विषय काढू नका, तिला काय खायचंय ते विचारा.

एक गोष्ट आजकाल नव्याने बघावी लागते. कोणीतरी त्या गोलचा व्हिडिओ काढलेला असतो आणि शाळेच्या ग्रुपवर, मग रीलवर तो फिरायला लागतो, हसणाऱ्या इमोजींसकट. तो थांबवणं, मुख्याध्यापकांशी बोलून काढायला लावणं, हे आता कोचच्या कामात आलं आहे. तुमच्याही फोनवर असा एखादा 'फनी' व्हिडिओ आला तर पुढे पाठवण्याआधी त्यातल्या मुलीची इयत्ता कोणती असेल याचा अंदाज घ्या.

मैदानावरचं शेवटचं काम मात्र अगदी साधं असतं. मॅच शीटवर सही, बिब मोजायचे, बॉल मोजायचे, मुली मोजायच्या. काढून ठेवलेली कानातली ज्याच्या त्याच्या डबीत परत गेली का बघायचं. अंधार पडायच्या आत कोण कोणासोबत जाणार हे ठरवायचं, आणि लांबच्या वस्तीवर राहणाऱ्या मुलीच्या घरून 'पोहोचली' असा मेसेज येईपर्यंत फोन सायलेंटवर टाकायचा नाही.